डॉक्टरांनी लिहिलेली तारीख आणि काउंटरवर मिळालेली तारीख: तुमचे अनुभव सांगा

बर्डीची लेक
दिवाळीची साफसफाई करताना आज आईची जुनी फाईल हातात आली नं मी तिथंच बसले. आईचा हृदयाचा व्हॉल्व बदलला होता, रक्त पातळ करायची वॉरफरीन सुरू. सुट्टी देताना डॉक्टरांनी कोपऱ्यात लिहिलं २/५२, आयएनआर (रक्त किती पातळ झालं त्याची तपासणी) करून. काउंटरवरच्या पोरानं दोन महिन्यांनंतरची तारीख दिली, आम्ही काही विचारलं नाही. पाचव्या आठवड्यात बांगड्या चढवताना मनगटावर एवढा मोठा काळानिळा डाग, दुसऱ्या दिवशी उशीच्या अभ्र्यावर हिरड्यांचं रक्त. रात्रीच पळालो, आयएनआर सातच्या वर गेला होता, म्हणजे रक्त फारच पातळ, पाह्यजे तीनच्या आसपास. तेव्हा कळलं २/५२ म्हणजे दोन आठवडे, वर्षाचे ५२ आठवडे म्हणून. दोन महिने असते तर २/१२ लिहिलं असतं. आई आज समोर बसून डब्यांची झाकणं जुळवून राहिली, पण ती फाईल मी अजून बंद नाही केली.

माऊली७२
बाप्पा रे!! अंगावर काटा आला. आईला नमस्कार सांगा

चामोर्शीकर
आमच्या पोराले सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे, त्याचं औषध हायड्रॉक्सीयुरिया सुरू, दर वेळी सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) पाहूनच डोस ठरते म्हणून नागपूरची तारीख चुकवता येत नाही. मागं पहाटे एसटीनं निघालो, पोरगं मांडीवर, तापलेलं, पोहोचलो तं ओपीडीचा वारच बदलला. फोन नंबर फाईलवर लिहिलेला होता नं त्यांच्याकडे, एक फोन करायचा होता फक्त. दोन दिवस साळ्याकडे मानेवाड्याला राह्यलो, मजुरी बुडाली ती वेगळी.

रिसेप्शनवाली
मी नागपूरला धंतोलीत एका दवाखान्यात काउंटरला आहे. खरं सांगते, आम्हाला हे २/५२ वगैरे कोणी शिकवत नाही, मी पण एका सिस्टरला विचारून शिकले. आता मी पेशंटसमोर मोठ्यानं वाचते, "काका, दोन आठवडे, म्हणजे अमुक तारीख, मंगळवार" आणि शंका आली तर आत जाऊन सरांना विचारून येते. लाईनीतले लोक ओरडतात, ओरडू दे.

माऊली७२
ताई तुमच्यासारखे पाह्यजेत सगळीकडे. बाकी धंतोलीत गाडी कुठं लावता हो तुम्ही लोक, मी मागच्या वेळी तीन चकरा मारल्या आणि नंबर गेला

रिसेप्शनवाली
बर्डीला मेट्रोनं उतरा, तिथून ऑटो.

वर्धा रोड
बाबांची एम्सची अपॉइंटमेंट ऑनलाईन काढतो, ओटीपी जातो त्यांच्या फोनवर, फोन उमरेडला आणि बाबा वावरात. आता त्यांच्या नावावर माझाच नंबर टाकून घेतला. थायरॉईडचा डोस बदलला की सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) करायचं असते, ते मी कॅलेंडरवरच लिहून ठेवतो, भिंतीवरच्या, मोबाईलमधलं आई पाहत नाही.

सुगरण
बर्डीची लेक, वॉरफरीनवर मेथी पालक बंद करावं लागते का? सासऱ्यांना आत्ताच सुरू झाली, ते जेवणात रोज मेथी मागतात

बर्डीची लेक
बंद नाही काकू, आम्हाला सांगितलं होतं की प्रमाण सारखं ठेवा, एक आठवडा भरपूर नं एक आठवडा काहीच नाही असं नको, त्यातल्या व्हिटॅमिन के मुळे आयएनआर हलतो. तुमच्या डॉक्टरांना विचारूनच करा. चामोर्शीकर भाऊ, आई विचारून राहिली पोरगं कसं आहे आता?

चामोर्शीकर
बरा आहे ताई, पाण्याची बाटली गळ्यात अडकवून शाळेत गेला. पुढची तारीख १४ ची, या वेळी आदल्या दिवशी फोन करूनच निघतो.