उत्तर न आलेल्या प्रार्थनेचे दिवस : आपापले अनुभव लिहा

धागाकर्ती, अहिल्यानगर

जय ख्रिस्त.

उपवासकाळ चालू आहे, म्हणून धीर करून हा धागा काढतेय. आपल्या मंडळ्यांमध्ये साक्षी पुष्कळ होतात. आजार गेला, नोकरी लागली, कोर्टातली केस सुटली. त्या साक्षींबद्दल मला काही म्हणायचं नाही, देव करतोच. पण ज्यांचं दुखणं गेलंच नाही त्यांनी कुठे बोलायचं? ते मागच्या बाकावर बसतात आणि शेवटचं गीत संपायच्या आत चपला घालून निघतात. मीही त्यातलीच. तेव्हा इथे तेवढंच लिहू या : मागितलं ते मिळालं नाही, तरी कशाला धरून राहिलो. धरून राहता आलं नसेल तर तेही लिहा.

आधी माझं सांगते. आमच्या ह्यांच्या दोन्ही किडन्या गेल्याला सहा वर्षं झाली. एस.टी.त ड्रायव्हर होते. मंगळवार, गुरुवार, शनिवार, चार-चार तास डायलिसिस. मी स्वतः नर्स, छत्तीस वर्षं वॉर्डात काढलेली. तरी ह्यांच्या हातातल्या फिस्टुलावर, म्हणजे डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने जोडलेल्या रक्तवाहिनीवर, पहिल्यांदा बोटं ठेवली तेव्हा हात मागे घेतला होता. कातडीखाली मांजर गुरगुरत असावं तसं लागतं ते. आता रोज रात्री झोपताना तिथे हात ठेवते. गुरगुर आहे म्हणजे उद्याचं भागलं.

येणारे-जाणारे सांगायचे, विश्वास कमी पडतोय. घरात कुणाचं तरी पाप कबूल करायचं राहिलंय. एका प्रार्थनासभेत ह्यांना सगळ्यांसमोर उभं केलं आणि "आजपासून मशीन बंद" असं जाहीर केलं. मी नर्स नसते तर कदाचित ऐकलंही असतं, आणि आठवड्याच्या आत ह्यांना मातीत ठेवून आले असते. हे मी रागाने नाही, काळजीने लिहितेय. कुणाच्या घरात असं चाललं असेल तर प्रार्थना जरूर करा, मशीन सोडू नका. योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्य हेच विचारतात, पाप कोणी केलं, ह्याने की ह्याच्या आईबापांनी? प्रभू म्हणतो, ह्यानेही नाही, आईबापांनीही नाही.

तर तहानेबद्दल. डायलिसिसवाल्याला पाणी मोजून. ह्यांना दिवसाला लिटरभर, त्यातच चहा, आमटी, गोळ्या गिळायचं पाणी. एप्रिलमधलं नगरचं ऊन तुम्हाला माहीत आहे. तीन वर्षांमागे उत्तम शुक्रवारी दुपारी बारा ते तीनची उपासना होती, येशूने क्रुसावरून काढलेल्या सात उद्गारांची. ह्यांचे ओठ फुटलेले. पाळकसाहेब पाचव्या उद्गाराला आले, "मला तहान लागली आहे." ह्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. घरी येईपर्यंत एक शब्द नाही. मग दारात चपला काढताना म्हणाले, "साठ वर्षं ऐकतोय, पण हे वाक्य आज ऐकू आलं. त्यालाही प्यायला नव्हतं गं."

तहान तेवढीच आहे, आजही. पण त्या दिवसापासून ते एकटे तहानलेले नाहीत.

वाडीवरची, वसई

ताई, तुम्ही मागच्या बाकाचं लिहिलंत. मी तर वर्षभर चर्चच्या पायरीवरसुद्धा गेले नव्हते.

माझा मुलगा बावीस वर्षांचा होता. हायवेला मोटारसायकल. फोन आला तेव्हा मी अंगणात अबोलीचे गजरे बांधत होते, दोरा हातातच राहिला. पुढचं नको लिहायला. एकच लिहिते, कारण ते मी कुणाला सांगितलेलं नाही. पोस्टमॉर्टेम होऊन तो मला बांधून मिळाला. पांढऱ्या कापडात, पट्ट्यांनी. वास येईल, उशीर होईल, फादर थांबलेत, असं पुरुषमाणसं म्हणत होती. त्याचं डोकं मला मांडीवर घेता आलं नाही.

फादर घरी यायचे. त्यांनी मला कधी "देवाची इच्छा" म्हणून सांगितलं नाही, ह्याबद्दल मी त्यांची जन्मभर ऋणी आहे. गप्प बसायचे, चहा घ्यायचे, जायचे. पुढच्या वर्षी उपवासकाळात शेजारच्या मावशी म्हणाल्या, "मिस्साला नको येऊ, क्रुसाच्या वाटेला तरी चल. तिथे कुणी हसत नाही."

गेले. येशूच्या क्रुसापर्यंतच्या वाटेची चौदा स्थानं. चौथ्याला येशूला आई भेटते तिथे मी खाली बघितलं. तेराव्या स्थानाला त्याला क्रुसावरून उतरवून आईच्या मांडीवर देतात. आमच्या चर्चमध्ये भिंतीवर लाकडी कोरीव चित्रं आहेत, जुनी, रंग उडालेली. लोक चौदाव्याकडे सरकले, मी तिथेच. मला तिचा हेवा वाटला. खरं लिहितेय. तिला निदान मांडीवर मिळाला. आणि मग तिथेच, इतक्या महिन्यांनी, मला रडू फुटलं. मावशींनी मला हलवलं नाही. पुढे जाऊन प्रार्थना संपवून परत आल्या आणि शेजारी गुडघ्यांवर बसल्या.

आता आमच्या गावात कुणाचं मूल गेलं तर मी जाते. बायका चहा-पेज बघतात, जपमाळ म्हणतात, ते त्यांचं चालू असतं. मी एकच काम करते. घरातल्या पुरुषांना बाजूला घेऊन सांगते, पेटी बंद करायची घाई करू नका. आईला बसू द्या. तोंडावरचं कापड काढा. फादरांना मी सांगते, अर्धा तास थांबतील. आजवर सात घरी गेले. एकदाही कुणी मला "तू कोण सांगणारी" म्हटलं नाही.

माझा मुलगा ह्यासाठी गेला असं मी मानत नाही, आणि कुणी तसं म्हटलेलं मला चालणारही नाही. पण तो गेल्यावर मला हे काम मिळालं, आणि ते मला त्या तेराव्या स्थानाशी मिळालं.

मिरजकर

माझं वय एकसष्ट. सतराव्या वर्षी पाठीवर कुष्ठरोगाचा चट्टा उठला. बधिर. आईने सुई टोचून बघितली आणि सुई तिच्या हातातून पडली. तेव्हा आमचं घर ख्रिस्ती नव्हतं. माझं ताट वेगळं झालं, मग खाट गोठ्यात गेली. आईबापाचं चुकलं असं मी म्हणत नाही, गावाच्या भीतीपुढे त्यांचं काय चालणार.

मिरजेत आलो तेव्हा तळपायाला जखम होती आणि मला ती माहीतच नव्हती, इतका पाय बधिर. ड्रेसिंग रूममधल्या सिस्टरनी स्टुलावर बसून माझा पाय सरळ मांडीवर घेतला. दोन वर्षांत मला कुणी हात लावला नव्हता. त्या काय बोलत होत्या ते मला आठवत नाही. त्यांच्या साडीवर पाणी सांडलं होतं एवढं आठवतं.

पुढे वाचायला लागलो तेव्हा मार्कच्या पहिल्याच अध्यायात तो कुष्ठरोगी भेटला. प्रभूने हात पुढे करून त्याला स्पर्श केला, आणि मग म्हणाला, शुद्ध हो. आधी स्पर्श. मी तिथेच अडकलो तो आजतागायत. बाप्तिस्मा त्यानंतर चार वर्षांनी घेतला.

औषधाने रोग गेला. तेव्हा बहुविध औषधोपचार नुकताच आला होता, १९८२ नंतरची गोष्ट. जंतू मेले, पण नसा मेल्या त्या मेल्याच. डाव्या हाताची दोन बोटं वाकडी राहिली, पाय बधिरच आहेत. बोटं सरळ व्हावीत म्हणून मी किती वर्षं रडून मागितलं ते माझं मला माहीत. पाळकांना एकदा विचारलं, "अर्धंच काम का केलं देवाने?" ते म्हणाले, "उत्तर मला येत नाही. पण पुनरुत्थान झाल्यावर थोमाला प्रभूने जे हात दाखवले, त्यांवर खिळ्यांचे व्रण तसेच होते." मी हे घेऊन घरी आलो. बोटांकडे बघायची माझी नजर त्या दिवशी बदलली.

निवृत्त झाल्यापासून आमच्या वस्तीतल्या आठ-दहा जणांना घेऊन रोज संध्याकाळी बसतो. पाय अर्धा तास साध्या पाण्यात बुडवायचे, घट्टे दगडाने हलके घासायचे, ओल्या कातडीवरच तेल लावायचं. मग दिव्याखाली तळपाय बघायचा, कारण दुखणार नाही, दिसायलाच हवं. ज्याला नीट दिसत नाही त्याचा पाय दुसऱ्याने बघायचा. चपलांना बारीक छिद्रांचं मऊ एम.सी.आर. रबरच हवं आणि खिळा नको. हे करताना आम्ही गीत म्हणतो. वेदना ही केवढी कृपा आहे हे आमच्यासारख्यांना विचारा. तुम्हाला खडा टोचला तर तुम्ही थांबता.

नाशिकचा विद्यार्थी

मोठ्यांमध्ये बोलतोय, सांभाळून घ्या. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला मला डिप्रेशन आलं. अंघोळसुद्धा होत नव्हती. युवक संघातले मित्र म्हणायचे, "आनंद कर, प्रभूमध्ये सर्वदा आनंद कर." मला वाटायचं मी ख्रिस्तीच नाही.

आमच्या पाळकांनी मला एलीयाची गोष्ट वाचायला दिली, १ राजे, एकोणिसावा अध्याय. एवढा मोठा संदेष्टा, झुडपाखाली पडून म्हणतो, पुरे, माझा प्राण घे. देवदूत त्याला उपदेश करत नाही. ऊठ, खा, म्हणतो. निखाऱ्यावरची भाकर आणि पाण्याचा चंबू. तो खातो, परत झोपतो. देवदूत परत उठवतो, खायला घालतो. पाळक म्हणाले, "ही बघ देवाची पहिली ट्रीटमेंट. आता आपण डॉक्टरांकडे जाऊ, मी येतो बरोबर." आले. बाहेर बाकावर दीड तास बसून राहिले. गोळ्या अजून चालू आहेत आणि मी त्या प्रार्थना करूनच घेतो. कुणी अशा अवस्थेत असेल तर आजच कुणाला तरी सांगा, ही माझी विनंती आहे.

श्रीरामपूरहून

बळ मिळालं असं मला लिहिता येणार नाही. अकरा वर्षं मूल नाही, तीन वेळा दिवस राहिले आणि गर्भ गेला. चर्चमध्ये कुणी भेटलं की बायबलमधल्या हन्नाची गोष्ट सांगतात. हन्ना रडली, हन्नाने मागितलं, हन्नाला शमुवेल झाला. मी हन्ना नाही हो. मीही तितकंच मागितलं.

मुलांच्या समर्पणाच्या रविवारी मी येत नाही. येशू ख्रिस्तावर माझा विश्वास आहे, पण देवाची ह्यात काहीतरी सुंदर योजना आहे असं कुणी म्हटलं की मला उठून जावंसं वाटतं. मी अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाचते. बाकीच्या विलापाच्या स्तोत्रांत बहुतेक वेळा शेवटाकडे सूर वर येतो. ह्यात येत नाही, ते काळोखातच संपतं. तरी शास्त्रातून ते कुणी काढून टाकलेलं नाही. म्हणून मीही अजून आहे.

वाडीवरची, वसई

बाळा, सप्टेंबरात मी हरिगावला मतमाउलीच्या, म्हणजे मरियामातेच्या, यात्रेला येते. तुझ्या जवळच आहे. मला भेट. मी काही सांगणार नाही, शेजारी बसेन.

केडगावची नात

श्रीरामपूरच्या ताईंचं वाचून दोन दिवस लिहिता आलं नाही. मला माझ्या पणजीचं सांगायचंय.

ती गुजरातेतली. १९००च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी तिकडून ज्या मुली केडगावला मुक्ती सदनात आणल्या, त्यांतली एक. वय कुणालाच माहीत नव्हतं, दात बघून सात-आठ धरलं. आजी सांगायची, ती म्हातारपणीही पानातला भाताचा कण बोटाने टिपून खायची आणि उशीखाली भाकरीचा तुकडा ठेवून झोपायची. भीती गेली नाही तिची, शेवटपर्यंत. पण ती छापखान्यात खिळे जुळवायला शिकली. शिसाच्या अक्षरांनी बोटं काळी व्हायची. रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेलं मराठी बायबल तिथे बायका-मुलींनीच छापलं.

माझे यजमान गेले तेव्हा मी चौतीस वर्षांची, दोन पोरं. सासरी माझा पायगुण काढला गेला, आपल्यातही काढतात. त्या वर्षी मी रमाबाईंचं आयुष्य नुसतं तारखांनी लिहून काढलं. दुष्काळात आईवडील आणि बहीण गेले. १८८० साली भाऊ गेला. १८८२ साली नवरा, लग्नाला दोन वर्षं नव्हती झाली, कडेवर मनोरमा. बाप्तिस्मा नंतर झाला, १८८३मध्ये. आणि त्यानंतर दुःख थांबलं का? १९२१ साली मनोरमाही गेली. आयुष्यभर आईच्या कामाला खांदा लावलेली एकुलती एक मुलगी. त्याही वर्षी बायबलचं काम चालू होतं. ५ एप्रिल १९२२ला बाई गेल्या.

मी ती यादी पुन्हा पुन्हा वाचायची. शोक संपल्यावर काम करू म्हणाल्या असत्या तर केडगाव झालंच नसतं, माझी पणजी वाचली नसती, मी नसते. शोक आणि काम त्यांच्या घरात एकाच पानावर जेवले. मग मीही शिवणयंत्र बाहेर काढलं. रडत रडत परकर शिवलेत मी, टाके वाकडे गेले की उसवून पुन्हा. आज माझ्याकडे सहा जणी शिकतात, त्यांतल्या चौघी एकट्या.

धागाकर्ती, अहिल्यानगर

सगळ्यांचं ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. मिरजेच्या दादांचं दोनदा वाचायला लावलं. श्रीरामपूरच्या मुलीचं झाल्यावर म्हणाले, "हिला म्हणावं, मीसुद्धा बरा झालो नाही. मीसुद्धा आहे."

गेल्या गुरुवारी शेजारच्या मशीनवर एक पोरगा आला, पहिलीच वेळ. वय वीस-बावीस. नळ्यांतलं रक्त बघून थरथरत होता आणि सारखं पाणी मागत होता. आमच्या ह्यांचा एक हात मशीनला. दुसऱ्या हाताने त्यांनी मला खूण केली, पिशवीतली छोटी वाटी काढ म्हणून. पन्नास मिलीची, मी देवळालीहून आणलेली, ह्यांची रोजची. सिस्टरला विचारून मी त्यात बर्फाचा एक खडा टाकला. ह्यांनी पोराला सांगितलं, "चावायचा नाही. जिभेखाली धर. हळूहळू विरघळू दे. मी सांगतो तुला तहान कशी काढायची."

वाटी त्याच्याकडेच राहिली. उद्या मंगळवार, सहाच्या शिफ्टला आम्ही आहोत. जाताना भांड्यांच्या दुकानातून दुसरी घ्यायची आहे.