अरवली आहे, पण आडवी नाही

राजस्थानात डोंगर नाहीत म्हणून तिथल्या वाळवंटातल्या फलोदी शहराला पाऊस नाही, असं कुणीतरी लिहिलंय. डोंगर आहेत हो, अरवली आहे! पण ती अरबी समुद्रावरून येणाऱ्या मोसमी वाऱ्यांना समांतर पसरलीय, त्यामुळे वारे अडत नाहीत. आपल्या मुंबईमागे सह्याद्री मात्र आडवा उभा आहे, हे आपलं भाग्यच. फलोदीत १९ मे २०१६ला ५१ अंश सेल्सिअस नोंदले गेले. हवा कोरडी, म्हणून रात्री वाळू झपाट्याने निवते. आपल्याकडे दमटपणा उष्मा धरून ठेवतो.

आणि वाळवंटात पूर येत नाही असं कृपया समजू नका. ऑगस्ट २००६मध्ये राजस्थानातल्याच बाडमेरजवळचं कवास गाव बुडालं. जमिनीखाली जिप्समचा थर, पाणी मुरेचना. कित्येक आठवडे ते तसंच साचून होतं.