‘द बिग शॉर्ट’: कर्जं बुडताहेत, तरी बरी तोट्यात कसा?

हिशेबी: २०१५ च्या चित्रपटात गृहकर्जं थकू लागतात, तरी फंड चालवणाऱ्या मायकेल बरीच्या स्वॅपची (रोखे बुडाले तर पैसे देणारा विमाच म्हणा) किंमत वाढत नाही. मायकेल लुईसच्या मूळ पुस्तकातही असंच आहे का?

तळटीप: हो. हे स्वॅप एक्स्चेंजवर विकले जात नव्हते. भाव सांगायची ती विकणारी बँकच! त्यात या गृहकर्जांवर उभ्या रोख्यांचं रेटिंग (पतमानांकन) उतरलेलं नाही, म्हणजे कागदावर रोखे धडधाकट. तोवर हप्ता चालूच: १० कोटी डॉलरच्या संरक्षणावर २ टक्के धरले तर वर्षाला २० लाख. गुंतवणूकदारांनी पैसे परत मागितले की खेळ आटोपला, म्हणून त्याने पैसे काढण्यावरच निर्बंध घातले.

हिशेबी: मग जेंगाच्या ठोकळ्यांनी रोखे समजावतात त्या प्रसंगात ८ टक्के कर्जं थकली की रोखे कोसळतील म्हणतात, त्याचं काय?

चौकट राजा: ती थकबाकी, नुकसान नव्हे. समजा १०० सारख्या कर्जांपैकी ८ बुडाली आणि निम्मीच वसुली झाली, तर तोटा ४ टक्के. रोख्यांचा तळाचा, तोटा आधी सोसणारा थर ४ टक्क्यांचाच असेल तर तो साफ, वरच्याला अजून धक्काही नाही. चित्रपट हे घाईत उरकतो.

तळटीप: आणि चित्रपटातला मार्क बॉम म्हणजे पुस्तकातला स्टीव्ह आइसमन, तोही फंडवालाच. बाथटबमध्ये बसून रोखे समजावण्याचा प्रसंग मात्र पुस्तकात शोधू नका.