नवी गाडी घ्यावी की दोन वर्षं वापरलेली?

रामराम. मी चोपड्याचा. केळीचे पैसे हाती आलेत, बजेट सात लाख. तेवढ्यात नवी छोटी पेट्रोल गाडी बसते. पण त्याच पैशात वरच्या मॉडेलची, २२ हजार किलोमीटर फिरलेली, एमएच १९ पासिंगची मिळतेय. घरची म्हणते, नवीच घ्या, पेढे तरी वाटता येतील. आईला दवाखान्यासाठी दर महिन्याला कन्नड घाटातून संभाजीनगरला न्यावं लागतं.

यावलकर: नवीच घ्या दादा. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आलाय. जुनीचे मालक मात्र अजून आधीच्याच किमतीवरून भाव सांगतात. फक्त नवीवरचा ११ टक्के रोड टॅक्स सात लाखांत धरलाय ना?

धुळेकर: मी जुनीत फसलोय, म्हणून सांगतो. मीटर ३० हजारावर, आणि ब्रेकच्या पेडलचं रबर घासून पार गुळगुळीत, म्हणजे मीटर मागे फिरवलेलं! तेव्हा लक्षच गेलं नाही, सीट कव्हर बघत बसलो. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, चिखलाचा डाग दिसला तर गाडी पुरात बुडालेली असू शकते, मागे फिरा. दुपारी एकला चौघं बसून एसी लावा, गाडी उभी ठेवून. जुन्या मालकाचं गाडीवर कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (आरसीवरची कर्जाची नोंद काढायचा) हातात पडल्याशिवाय पैसे सोडू नका.

चोपडेकर: रोड टॅक्स धरलाच नव्हता भाऊ! काल जुनी बघून आलो. बेल्ट स्वच्छ, पेडल ठीक. पण मालक पन्नास हजार सोडायला तयार नाही. उद्या परत जातो, सोबत मेस्त्री नेतो.