सगळ्यांनाच तमाशा हवा असतो?

'लोकांना तमाशा हवा, म्हणून चॅनेलवाले तो दाखवतात' असं नेहमी म्हटलं जातं, पण मला ते अर्धंच पटतं. १३ मे २०२४ ला घाटकोपरला पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळलं, १७ जणं गेली. मुंबईचं मतदान २० मेला. झालं! होर्डिंगवाल्याचा फोटो कुठल्या नेत्यासोबत, यावरच पॅनेल भांडत बसलं. पालिकेची मर्यादा ४० बाय ४० फूट, मग हे १२० बाय १२० चं धूड उभं कसं राहिलं, हे विचारायला वेळ कुणाला? (विचारलंही काहींनी, पण जाहिरातींच्या मधल्या फटीत.) आई गवार मोडत टीव्ही बघत होती. म्हणाली, "अरे, अजून माणसं खाली अडकलीत ना?" आणि रिमोट उचलून तिने आवाजच बंद केला.