मदत हवी आहे: सुतारकामाचे व्हिडिओ पोरांना दाखवताना तुम्ही काय बघता?

मंडळी, आम्ही वेंगुर्ल्याचे. मे महिन्यात सावंतवाडीच्या चितार आळीतून लाकडी खेळणी आणली, तेव्हापासून दहा वर्षांच्या लेकाला सुतारकामाचं वेड लागलंय. यूट्यूबवर दिवसभर तेच. रंधा-पटाशी घेऊन शांतपणे काम करणारे व्हिडिओ मलाही आवडतात. पण परवा एकात कटर मशीनचं गार्डच काढलेलं, डोळ्यांना चष्मा नाही. पुढच्यात तर मायक्रोवेव्हच्या ट्रान्सफॉर्मरनं लाकडावर विजेची नक्षी! यात माणसं मेली आहेत. अमेरिकेतल्या वुडटर्नर्सच्या (लेथवर लाकूड कातणाऱ्यांच्या) संघटनेनं आपल्या कार्यक्रमांत हा प्रकार बंद केलाय. नक्षी दिसते मात्र सुंदर. पोरगा म्हणाला, "बाबा, आपला जुना मायक्रोवेव्ह माळ्यावर आहे ना?" दुसऱ्या दिवशी सकाळीच तो भंगारवाल्याला दिला.

'मुलांसाठी' हा शिक्का बहुतेक वेळा व्हिडिओ टाकणाराच मारतो, त्यामुळे त्यावर माझा भरवसा नाही. मी आधी आवाज बंद करून नुसते हात बघतो: बोटं पात्यापासून किती लांब, फिरत्या मशीनवर हातमोजे तर नाहीत ना, तुकडा शिकंज्यात घट्ट आहे का. एवढं पुरे का? आणि हातहत्यारं नीट शिकवणारं मराठी चॅनल असेल तर सांगा. एपॉक्सीवाले (लाकडात रेझिन ओतणारे) नकोत, प्लीज.