मदत हवी आहे : वग 'कला' की 'प्रचार', हे ठरवतं कोण?

नमस्कार मंडळी,
आमच्या अभ्यासगटात मला लाल बावटा कलापथकावर, म्हणजे कम्युनिस्ट चळवळीतल्या शाहिरांच्या पथकावर आणि त्यांच्या वगांवर बोलायचं आहे. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी ते उभं केलं, इथपर्यंत ठीक. अडतंय पुढे. अण्णा भाऊंनी तमाशाच्या गणातला, म्हणजे सुरुवातीच्या वंदनेतला गणपती काढून तिथे मायभूमी आणि शिवराय आणले, गौळण (कृष्ण-गौळणींचा भाग) गाळली, वग, म्हणजे शेवटचं कथानाट्य, मात्र ठेवला. म्हणजे रूपाचा विचार त्यांनी स्वतः केला होता, तोही अगदी बारकाईने! तरी मागच्या बैठकीत आमच्यातलेच एक जुने डावे कार्यकर्ते म्हणाले, "तो प्रचार, कला नव्हे." मला ते फार लागलं. श्रमिकांच्या बाजूने बोलायचं आणि त्यांची अभिरुची मात्र हलकी मानायची, हे कसं?

विचारवंत शरद पाटलांची अब्राह्मणी सौंदर्यशास्त्राची (कलेचे निकष ब्राह्मणी परंपरेबाहेरून ठरवण्याची) मांडणी वाचली आहे. त्यापलीकडचं हवंय. त्या काळच्या डाव्या नियतकालिकांत या वगांबद्दल काय लिहून आलं? कुणाकडे जुने अंक आहेत का? आणि गिरणगावात हे प्रयोग पाहिलेल्या आजी-आजोबांच्या आठवणी कुणी सांगू शकेल का? त्यांना नेमकं काय आवडायचं, हे मला सगळ्यात जास्त हवं आहे.